चंद्र रोज वेगळा का दिसतो? गच्चीवरून आलेले प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी चंद्राबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या अर्थाचे प्रश्न जोडून एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. चंद्राची कोर पृथ्वीच्या सावलीमुळे होते, असे तो ठामपणे सांगतो. तसे नाही हे त्याला पटेल, असे घरच्या घरी कसे दाखवायचे? (नौपाडा, ठाणे)

आधी त्याला एक प्रश्न विचारा. शुद्ध अष्टमीला संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगरामागे जात असतो आणि अर्धा चंद्र साधारण डोक्यावर असतो. पृथ्वीची सावली त्या वेळी सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पूर्वेकडे पडलेली असणार. मग डोक्यावरच्या चंद्राचा अर्धा भाग ती झाकणार कशी? झाकत नाहीच. चंद्राचा काळा भाग म्हणजे चंद्रावरची रात्र. सूर्य चंद्राचा अर्धा गोल सदैव उजळत असतो. त्या उजळलेल्या अर्ध्यापैकी किती भाग आपल्या बाजूला वळलेला आहे, एवढेच रोज बदलते.

प्रयोगासाठी खोलीतला अंधार आणि दिवा नंतर. आधी गच्चीवर जा, भर उन्हात. शुद्ध अष्टमी ते दशमीपैकी एखादा दिवस निवडा, वेळ दुपारी चार ते साडेपाच. चंद्र तेव्हा पूर्व-आग्नेयेला वर आलेला असतो आणि सूर्य पश्चिमेला असतो. सकाळीच वेळ मिळत असेल तर वद्य सप्तमी ते नवमी, सकाळी सात ते नऊ, चंद्र पश्चिमेकडे. पाच-सहा सेंटिमीटरचा थर्मोकोलचा गोळा विणकामाच्या सुईवर टोचा. हात लांब करून गोळा चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरा आणि एक डोळा मिटा. गोळ्यावर ऊन जितके आणि ज्या बाजूने पडलेले दिसते, तितकाच आणि त्याच बाजूने चंद्र उजळलेला दिसेल. अष्टमीला दोन्ही अर्धे, दशमीला दोन्ही फुगीर, कललेलेही सारखेच. एकाच सूर्याचा उजेड दोघांवर पडतो आहे आणि आपण दोघांकडे एकाच दिशेने पाहतो आहोत. सावलीचा विषय इथे निघतच नाही. मुलाला जे पटायचे ते या दोन मिनिटांत पटते.

हा प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. टेबल टेनिसचा चेंडू घेतला तर तो अर्धपारदर्शक असल्याने उजेड आत झिरपतो आणि उजेड-अंधाराची सीमा पुसट होते. चकचकीत चेंडूवर उन्हाचा एकच ठिपका चमकतो, बाकी गोळा कळत नाही. आणि गोळा बोटांनी धरला तर बोटांची सावली त्यावर पडते, म्हणून सुई.

आता अंधाऱ्या खोलीतला प्रयोग. त्यात महिनाभराचा फेरा एका मिनिटात दिसतो. शेड नसलेला ९ वॉटचा एलईडी बल्ब डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि त्यापासून अडीच-तीन मीटर दूर उभे राहा. तुमचे डोके ही पृथ्वी. गोळा समोर धरून बल्बकडे तोंड केले की अमावास्या : उजळलेली बाजू पलीकडे. आता गोळ्यासकट डावीकडे वळत जा. पाव फेरी झाली की गोळ्याची उजवी बाजू उजळलेली दिसते, ही शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा. नेमकी इथेच गडबड होते. गोळा डोक्याच्याच उंचीवर असेल तर डोक्याची सावली त्यावर पडते आणि मुले म्हणतात, ‘बघा, सावलीच आहे!’ गोळा थोडा वर उचला, सावली निघून जाते. खऱ्या चंद्राची कक्षाही पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. सापडला तर ते ग्रहण. भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्यावरून परतणारा उजेड गोळ्याची काळी बाजू उजळवतो. बल्बच्या समोरच्या भिंतीवर गडद चादर टांगा.

प्रमाणाची कल्पनाही एकदा देऊन टाका. पृथ्वी २२ सेंटिमीटरच्या फुटबॉलएवढी मानली तर चंद्र ६ सेंटिमीटरचा, तोही साडेसहा मीटर दूर. सूर्य २४ मीटर व्यासाचा आणि अडीच किलोमीटरहून दूर. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हे तिघे एका पानावर बसवावे लागतात. पृथ्वीची सावली सारखी चंद्रावर पडत असेल, असे वाटायला तेही एक कारण आहे.

प्रश्न : कॅलेंडरमध्ये संकष्टीचा चंद्रोदय नऊ वाजता दिलेला असतो. आमच्याकडे दहा-साडेदहापर्यंत चंद्राचा पत्ता नसतो. वेळ मुंबईची असते म्हणून हा फरक पडतो का? (घोडबंदर रोड, ठाणे)

मुंबई आणि ठाण्याच्या चंद्रोदयात जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक आहे, पुण्याशी तीन-चार मिनिटांचा. नागपूरला चंद्र आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी उगवतो, तेव्हा तिथल्या नातेवाइकांनी ‘दिसला’ म्हणून फोन केला तर अर्धा तास धीर धरायला हरकत नाही.

तुमचा तासभर खातात ते समोरचे टॉवर. छापलेली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजाची असते. तसे क्षितिज कोळशेत-ढोकाळीच्या बाजूला तोंड असलेल्या गॅलरीतून आता कोणाला दिसते? आपल्या अक्षांशावर उगवता चंद्र तासाला साधारण १४ अंश वर चढतो. हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली तर ती सुमारे १० अंश झाकते. म्हणजे एक मूठ म्हणजे पाऊण तास. मधली तीन बोटे जोडून धरली तर ५ अंश, म्हणजे वीस-बावीस मिनिटे. समोरच्या इमारतीचा माथा डोळ्यांच्या पातळीपासून किती मुठी वर आहे ते एकदा मोजून ठेवा आणि कॅलेंडरमधल्या वेळेत मिळवा. उदाहरणार्थ, दोनशे मीटरवरचा टॉवर तुमच्या मजल्याहून ऐंशी मीटर उंच असेल तर त्याचा माथा २२ अंशांवर येतो. दोन मुठींहून थोडे जास्त, दीड तासाहून थोडा जास्त उशीर. ऐरोली-घणसोलीकरांना पूर्वेला पारसिकचा डोंगर आड येतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांपलीकडे सहसा खात नाही.

मुठी मोजताना दिशा चुकवू नका. चंद्र दर महिन्याला ठीक पूर्वेलाच उगवत नाही. पावसाळ्याच्या आरंभीची वद्य चतुर्थी आग्नेयेकडे झुकलेली असते, थंडीतली ईशान्येकडे. एका संकष्टीला मोकळ्या फटीतून वेळेवर दिसलेला चंद्र सहा महिन्यांनी टॉवरच्या मागे जातो, तो यामुळे.

वद्य चतुर्थीला चंद्रोदय साडेआठ ते दहाच्या दरम्यानच का, हेही याच जोडीने विचारले गेले आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. पुढे रोज सरासरी ५० मिनिटे उशीर, कारण एका दिवसात चंद्र आपल्या कक्षेत सुमारे १३ अंश पूर्वेला सरकलेला असतो आणि पृथ्वीला तेवढे जास्त फिरावे लागते. हे ५० मिनिटे सरासरीने. कोजागिरीच्या आगेमागे उशीर चाळीस मिनिटांच्या आसपास येतो, कारण तेव्हा संध्याकाळी चंद्राचा मार्ग पूर्व क्षितिजाला जास्त तिरपा असतो. म्हणून कोजागिरीनंतर दोन-तीन दिवस चंद्र अजून लवकरच उगवतो असे वाटते.

प्रश्न : पौर्णिमेच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही चंद्र पूर्णच दिसतो. खरा पूर्ण कोणत्या दिवशी? (ऐरोली)

पूर्णत्व हा एक क्षण असतो, दिवस नसतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १८० अंश झाला की पौर्णिमा तिथी संपते, तोच पूर्ण चंद्राचा क्षण. तो दुपारी दोनलाही येऊ शकतो, तेव्हा आपल्याकडे चंद्र उगवलेलाही नसतो.

तिथीचे सगळे गणित या कोनावरच चालते. दर १२ अंशांना एक तिथी, ३० तिथ्यांत ३६० अंश. पण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो जवळ असताना वेगाने आणि दूर असताना हळू चालतो. त्यामुळे एक तिथी कधी १९ तासांत आटोपते, कधी २६ तासांहून जास्त लांबते. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. दोन सूर्योदयांच्या मध्ये सुरू होऊन संपली तर क्षय, दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी. संकष्टीला मात्र चंद्रोदयाच्या वेळची चतुर्थी पाहतात, म्हणून त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकटीत तृतीया छापलेली सापडते. तक्रारीची पत्रे येतात. ती चूक नसते.

आता तीन दिवस पूर्ण का वाटतो ते पाहू. उजळलेला भाग रोज सारख्या हप्त्याने वाढत नाही. अष्टमीच्या आसपास एका तिथीत बिंबाचा दहा टक्के भाग वाढतो. पौर्णिमेपासून १२ अंश अलीकडे बिंब जवळजवळ ९९ टक्के उजळलेले असते, २४ अंश अलीकडे ९६ टक्के. एवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. १०×५० ची दुर्बीण असेल तर कडा तपासा. ज्या कडेला विवरांच्या सावल्या दिसतात ती कड अजून अपुरी आहे : पश्चिमेकडची कड खडबडीत म्हणजे पौर्णिमा होऊन गेली, पूर्वेकडची खडबडीत म्हणजे अजून यायची आहे. दोन्ही गुळगुळीत म्हणजे तुम्ही वेळेवर आलात.

दुर्बीण आणलीच आहे तर पौर्णिमेवर वाया घालवू नका. त्या दिवशी चंद्रावर ऊन समोरून पडते, सावल्या नाहीत, सगळे सपाट. विवरे बघायची तर उजेड-अंधाराच्या सीमेवर. शुद्ध तृतीयेला मेअर क्रिसियम हा लंबगोल काळा डाग उजेडात येतो, दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर. शहरातल्या दिव्यांचा चंद्र पाहायला काही त्रास होत नाही. त्रास होतो गरम हवेचा. खालच्या मजल्यावरच्या एसीच्या मशिनवरून किंवा दिवसभर तापलेल्या पत्र्यावरून पाहिले तर बिंब उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखे थरथरते. गच्चीची दुसरी बाजू गाठा आणि कोपरे कठड्यावर टेका.

प्रश्न : चंद्रकोर कधी होडीसारखी आडवी दिसते, कधी उभी. पुस्तकात मात्र नेहमी उभीच छापलेली. आकाशात काय बदलते? (खारघर)

कोरीचा फुगीर भाग नेहमी सूर्याकडे असतो, एवढे धरून ठेवले की बाकीचे आपोआप सुटते. सूर्य मावळल्यावर तो चंद्राच्या सरळ खाली असेल तर कोर होडीसारखी. सूर्य खाली उजवीकडे असेल तर कोर कललेली.

सूर्य आणि चंद्र आकाशात जवळपास एकाच पट्ट्यातून फिरतात. ठाणे-नवी मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश. इथून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सूर्यास्ताला हा पट्टा पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभा असतो, म्हणून गुढीपाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची कोर चक्क आडवी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच पट्टा क्षितिजाशी ४७ अंशांपर्यंत तिरपा होतो. तेव्हाची कोर डावीकडे, नैऋत्येच्या बाजूला सरकलेली, कललेली आणि लवकर मावळणारी. गणेशचतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणतात. तो साडेआठ-नवाच्या सुमारास मावळतोही, आणि तोवर भाद्रपदातले ढग असतात. न पाहणे फारसे अवघड नाही.

पुस्तकातली उभी कोर ही युरोपसारख्या उंच अक्षांशांच्या चित्रांची सवय. त्याच सवयीने ‘उजवी बाजू उजळलेली म्हणजे शुक्ल पक्ष’ असा नियम मुलांना पाठ करायला लावतात. आपल्याकडे तो फसतो. फाल्गुन-चैत्रातल्या शुद्ध अष्टमीचा चंद्र ठाण्यावरून जाताना डोक्यावरून किंवा डोक्याच्या थोडा उत्तरेकडून जातो. त्याच्याकडे बघायला तुम्ही उत्तरेला तोंड केले, तर उजळलेली बाजू डावीकडे येते. तोच चंद्र मध्यरात्री मावळताना उजळलेली बाजू खाली करून मावळतो. डावे-उजवे सोडा, दिशा पाहा : उजेड पश्चिमेकडे तर चंद्र वाढतो आहे, पूर्वेकडे तर घटतो आहे. त्याहून सोपे, संध्याकाळी अर्धामुर्धा दिसतो तो वाढणारा, पहाटे दिसतो तो घटणारा.

प्रश्न : बीजेच्या कोरीत चंद्राचा उरलेला गोलही अंधूक दिसतो. हा भास आहे का? (कळवा)

भास नाही. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड आहे. आपल्याकडे बीज असते तेव्हा चंद्रावरून पाहणाऱ्याला पृथ्वी जवळजवळ पूर्ण दिसते. चंद्राच्या आकाशातली पृथ्वी आपल्या चंद्रापेक्षा व्यासाने पावणेचार पट मोठी असते, आणि चंद्राच्या काळपट मातीपेक्षा ढग कितीतरी जास्त ऊन परतवतात. तो उजेड चंद्राच्या रात्रीवर पडून पुन्हा आपल्याकडे येतो. कोर जाड होत जाते तसा तो मंदावतो : पृथ्वीही तिकडून अपुरी दिसू लागते, आणि कोरीच्या झगमगाटापुढे तो टिकत नाही. शुद्ध द्वितीया ते चतुर्थी, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने पाहा. फोटोसाठी तिपाई, आयएसओ ४००, एफ ५.६, दोन सेकंद. याहून लांब एक्स्पोजर दिले तर चंद्र सरकलेला येतो. कोर पांढरीफटक होणारच, ती वाचवायला जाऊ नका.

प्रतिपदेची कोर का दिसत नाही, असेही कोणी विचारले आहे. अमावास्येच्या क्षणापासून वीस-चोवीस तास उलटल्याशिवाय कोर संधिप्रकाशातून वेगळी काढता येत नाही.

प्रश्न : पाम बीच रोडवरून पौर्णिमेचा उगवता चंद्र केवढा तरी मोठा दिसतो, मोबाइलमध्ये मात्र ठिपका येतो. (नेरूळ)

मोबाइल खरे बोलतो. क्षितिजावरचा चंद्र मोठा नसतो, उलट किंचित लहान असतो : डोक्यावर येतो तेव्हा आपण त्याच्या जवळजवळ एका पृथ्वी-त्रिज्येने, म्हणजे ६,४०० किलोमीटरने जवळ असतो. फरक दीड टक्क्याचा. मोठेपणा मेंदू लावतो, इमारती आणि झाडांच्या शेजारी ठेवून. तपासायचे असेल तर कागदाला ऑफिसच्या पंचिंग मशिनने भोक पाडा. ते ६ मिलिमीटरचे असते. हात लांब करून त्यातून उगवता चंद्र पाहा, मग मध्यरात्री पाहा. दोन्ही वेळा तो भोकात तसाच, थोडी जागा सोडून बसतो.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला जवळपास सत्तर अंशांचे दृश्य मावते, चंद्र अर्ध्या अंशाचा. ४,००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात त्याच्या वाट्याला पंचवीस-तीस पिक्सेल येतात. त्यात स्वयंचलित एक्स्पोजर काळ्या आकाशाकडे बघून ठरते, म्हणून डागही दिसत नाहीत. पडद्यावर चंद्राला बोट लावून एक्स्पोजर खाली ओढा. वेगळा कॅमेरा असेल तर आयएसओ १००, एफ ११, १/१२५ सेकंद. चंद्रावर भर दुपारचे ऊन आहे हे लक्षात ठेवायचे.

खरा लहान-मोठेपणा असतो तो अंतराचा. चंद्र ३,५६,५०० ते ४,०६,७०० किलोमीटरच्या दरम्यान असतो. दोन टोकांच्या पौर्णिमांच्या व्यासात १४ टक्क्यांचा फरक पडतो. शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय तो डोळ्याला कळत नाही. ‘सुपरमून’च्या बातम्यांनी घाईघाईत गच्ची गाठणाऱ्यांची निराशा होते ती म्हणून. क्षितिजावरचा तांबूस रंग मात्र खरा : तिरप्या वाटेने येणाऱ्या उजेडातला निळा भाग हवेत आणि धुळीत विखुरतो. तिथे बिंब चपटेही होते, कारण हवा खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलून दाखवते.

प्रश्न : दिवसा चंद्र दिसणे अशुभ किंवा असाधारण आहे का? (वाशी)

दोन्ही नाही. शुद्ध अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, वद्य अष्टमीचा दुपारी बाराच्या सुमारास मावळतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस सोडले तर तो रोज काही तास उन्हातच असतो.

प्रश्न : चंद्राची एकच बाजू दिसते. मग दुसऱ्या बाजूला कायम अंधार असतो का? (बेलापूर)

नाही. चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच वेळात, २७.३ दिवसांत फिरतो, म्हणून तोंड बदलत नाही. थोडी मान मात्र हलवतो. त्या डोलण्यामुळे एकूण ५९ टक्के पृष्ठभाग कधी ना कधी दिसतो. मागची बाजू पहिल्यांदा दाखवली ती सोव्हिएत लुना ३ यानाने, ऑक्टोबर १९५९ मध्ये. ऊन दोन्ही बाजूंना मिळते, सुमारे चौदा दिवस दिवस आणि तेवढीच रात्र. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा मागच्या बाजूला भर दुपार असते.

या चौदा दिवसांचे गणित चांद्रयान-३ ला पाळावे लागले. विक्रम उतरले २३ ऑगस्ट २०२३ ला, निज श्रावण शुद्ध सप्तमीला. ती जागा सुमारे ३२ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिथे सूर्य मावळतो तो वद्य पंचमी-षष्ठीच्या सुमारास, जेव्हा घटत्या चंद्राचा अंधार त्या रेखांशापर्यंत सरकतो. यंत्रणा सौरऊर्जेवर चालणारी, म्हणून ४ सप्टेंबरला, वद्य पंचमीला, विक्रमला झोपवण्यात आले.